अमेरिकन फुटबॉलचे बदलते नियम आणि गुडघा टेकलेला खेळाडू

रारिटनकाठ (धागाकर्ता)

मंडळी, हा धागा मेस्सी-रोनाल्डोच्या फुटबॉलचा नाही, हे आधीच सांगतो. हेल्मेट घालून, लांबट चेंडू काखेत मारून पळतात त्या अमेरिकन फुटबॉलबद्दल, म्हणजे एनएफएल या तिथल्या व्यावसायिक लीगबद्दल लिहितोय. न्यू जर्सीत येऊन मला एकोणीस वर्षं झाली. शेजारच्या एका आजोबांनी रविवारी दुपारी सोफ्यावर शेजारी बसवून 'चार प्रयत्न, दहा यार्ड' ही बाराखडी शिकवली, तेव्हापासून माझे रविवार या खेळाचे झाले.

या खेळाचे नियम दरवर्षी बदलतात. ३२ संघ आहेत, बदल करायला २४ मालकांची मतं लागतात. किकऑफचंच घ्या. एक संघ चेंडू लाथेने उडवतो, दुसरा झेलून पळत सुटतो. पूर्वी दोन्हीकडचे खेळाडू लांबून भरधाव येऊन एकमेकांवर आदळायचे आणि डोकी फुटायची. २०११ मध्ये किक ३० ऐवजी ३५ यार्डांच्या रेषेवरून मारायला लावली. २०१८ मध्ये किक मारणाऱ्या संघाला धावत सुरुवात करायची मुभा राहिली नाही. २०२४ मध्ये तर मांडणीच पालटली. आता किक मारणारा एकटा मागे, त्याचे दहा जण थेट समोरच्यांच्या ४० यार्डांच्या रेषेवर आणि त्यांना अडवणारे पाच-दहा यार्डांवर. चेंडू जमिनीला किंवा झेलणाऱ्याला लागेपर्यंत यांच्यापैकी कुणी हलायचं नाही. त्या हंगामात सराव आणि सामने मिळून मेंदूला धक्का बसल्याच्या १८२ घटना लीगने मोजल्या. २०१५ पासूनच्या नोंदींतला तोपर्यंतचा हा सर्वांत कमी आकडा होता. मला याचा मनापासून आनंद आहे.

पण याच देशात पोलिसांच्या गोळीने वर्षाला किती माणसं मरतात याची पूर्ण मोजणी सरकारकडे नाही. २०१५ मध्ये वॉशिंग्टन पोस्ट या वर्तमानपत्राने स्वतः बातम्या आणि पोलिसांची निवेदनं चाळून मोजायला सुरुवात केली, तेव्हा आकडा निघाला वर्षाला सुमारे हजार. मरणाऱ्यांत निम्म्याच्या आसपास गोरे असतात, पण लोकसंख्येच्या मानाने पाहिलं तर कृष्णवर्णीयांचं प्रमाण गोऱ्यांच्या दुपटीहून जास्त आहे. एफबीआयने २०१९ मध्ये आपली नोंदवही उघडली खरी, पण तिच्यात माहिती भरायची की नाही हे त्या त्या पोलीस खात्याच्या मर्जीवर.

आता धाग्याचा मूळ मुद्दा. ५ जुलै २०१६ ला बॅटन रूजमध्ये ऑल्टन स्टर्लिंग आणि दुसऱ्याच दिवशी मिनेसोटात फिलँडो कॅस्टील हे दोन कृष्णवर्णीय पोलिसांच्या गोळीने मेले. दोन्ही व्हिडिओ सगळ्या देशाने पाहिले. ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोचा क्वार्टरबॅक, म्हणजे संघाची चाल चालवणारा मुख्य खेळाडू, कॉलिन कॅपर्निक अशा मृत्यूंच्या निषेधार्थ राष्ट्रगीताच्या वेळी बाकावर बसून राहिला. हा खेळ खेळलेला नेट बॉयर नावाचा माजी सैनिक त्याला भेटला आणि म्हणाला, बसू नकोस, सहकाऱ्यांच्या शेजारी गुडघा टेक. आम्ही मेलेल्या साथीदाराच्या थडग्यापुढे असेच टेकतो. १ सप्टेंबरला सॅन डिएगोत कॅपर्निक आणि एरिक रीड या दोघांनी गुडघा टेकला. रीड मूळचा बॅटन रूजचा. पुढे ज्या गुडघ्याला सैन्याचा अपमान ठरवलं गेलं तो एका सैनिकाने सुचवलेला होता, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. मार्च २०१७ नंतर कॅपर्निकला एकाही संघाने घेतलं नाही. तेव्हा तो २९ वर्षांचा होता.

मे २०१८ मध्ये अटलांटात मालकांची बैठक झाली. एका दिवशी किकऑफचा नवा नियम मंजूर झाला, कारण खेळाडूंची डोकी वाचवायची होती. दुसऱ्या दिवशी राष्ट्रगीताचा नियम: मैदानावर असाल तर उभं राहायचं, नको असेल तर लॉकर रूममध्ये थांबायचं, आणि कुणी टेकलाच तर संघाला दंड. खेळाडू संघटनेने तक्रार केली, जुलैत नियम स्थगित झाला आणि पुढे कधीच लागू झाला नाही. पण माझ्या डोक्यातून ते दोन दिवस जात नाहीत. खेळाडू दोन प्रकारे मरू शकतो हे मालकांच्या समोर होतं, मैदानावर आणि मैदानाबाहेर गाडी चालवताना. पहिल्यासाठी त्यांनी तासन् तास चित्रफिती पाहिल्या. दुसऱ्याबद्दल तो बोलला, तर त्याने कसं उभं राहायचं एवढंच ठरवलं.

तुमची मतं वाचायला आवडतील. विरोधी मतंही मोकळेपणाने मांडा.

साइडलाइन

तळमळ पोहोचली, पण असहमत. मी डॅलसजवळ प्लेनोत राहतो. तुम्ही ५ आणि ६ जुलै लिहिलंत, ७ जुलै लिहिला नाहीत. त्या संध्याकाळी डॅलसमध्ये याच दोन मृत्यूंच्या निषेधाचा मोर्चा होता. शांततेत चालला होता, पोलीस मोर्चेकऱ्यांबरोबर फोटो काढून घेत होते. एका माणसाने नेम धरून पाच पोलीस मारले. त्यातले कुणीही बॅटन रूजला किंवा मिनेसोटाला नव्हते. आमच्या ऑफिसातल्या एकीचा नवरा तेव्हा पोलिसात होता आणि त्या रात्री बंदोबस्तावर होता. पहाटेपर्यंत त्याचा फोन लागला नाही. सात आठवड्यांनी कोट्यवधी डॉलर कमावणारा खेळाडू बाकावर बसून राहिला, तेव्हा तिला काय वाटलं असेल याचाही विचार करा.

दुसरं. नोव्हेंबर २०१४ मध्ये सेंट लुईसचे पाच खेळाडू हात वर करून मैदानात आले होते, फर्ग्युसनमध्ये पोलिसाच्या गोळीने मेलेल्या मायकल ब्राउन या कृष्णवर्णीय तरुणासाठी. 'हात वर होते तरी गोळी घातली' ही ती गोष्ट. पुढे मार्च २०१५ मध्ये खुद्द ओबामांच्या न्याय खात्याने तपासाअंती सांगितलं की हात वर असल्याच्या साक्षी भरवशाच्या नाहीत, आणि त्या पोलिसावर खटला भरला नाही. न्याय खात्याचा तपास संपायच्या आधीच खेळाडूंनी निकाल दिला होता.

नोकरीच्या ठिकाणी मालक नियम ठरवतो. मला ऑफिसात मीटिंगच्या आधी निषेध करता येत नाही. खेळाडूने सामन्यानंतर हवं ते बोलावं, मी ऐकेन.

आकडेमोड

साइडलाइन, फर्ग्युसनबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे आणि ते स्पष्ट मांडलंत हे चांगलं केलंत. पण न्याय खात्याने त्याच दिवशी दुसरा अहवालही दिला होता, तो सोडू नका. फर्ग्युसनमध्ये कृष्णवर्णीय लोकसंख्या ६७ टक्के. थांबवलेल्या गाड्यांत त्यांचा वाटा ८५ टक्के आणि अटकेत ९३ टक्के. शहराची तिजोरी भरायला दंडाच्या पावत्या फाडल्या जात होत्या. एका गोळीची गोष्ट डळमळीत निघाली, गावाची मात्र खरी निघाली.

आता धागाकर्त्यांना थोडा विरोध. 'दुपटीहून जास्त' हा आकडा खरा आहे, पण तो लोकसंख्येच्या मानाने आहे. त्याला आक्षेप असा घेतात की पोलिसांशी गाठ पडते त्यांच्या मानाने मोजा. हार्वर्डच्या रोलँड फ्रायर या कृष्णवर्णीय अर्थतज्ज्ञाने २०१६ मध्ये तसं मोजलं. ढकलणं, बेड्या घालणं, भिंतीला टेकवणं यात कृष्णवर्णीयांशी ठळकपणे जास्त कठोर वागणूक दिसली. गोळीबारात मात्र ह्यूस्टनच्या नोंदींवरून त्याला वर्णाचा फरक आढळला नाही. हे निष्कर्ष आपल्यालाच चकित करणारे आहेत, असं त्याने सांगितलं होतं.

मग यात खोट कुठे असू शकते? समजा एका वस्तीत पोलीस शंभर जणांना थांबवतात, त्यातले वीस खरे संशयित. गोळी लागते दोघांना. दुसऱ्या वस्तीत फक्त वीस संशयितांनाच थांबवतात, तिथे गोळी लागते एकाला. थांबवलेल्यांच्या मानाने पाहिलं तर पहिल्या वस्तीत शंभरात दोन आणि दुसरीत शंभरात पाच. पहिली वस्ती सुरक्षित वाटायला लागते! प्रत्यक्षात तिथे ऐंशी निष्पाप लोकांना विनाकारण थांबवून छेद फुगवलेला आहे. नॉक्स, लो आणि मुमोलो या तिघांनी २०२० मध्ये हीच अडचण गणिताने मांडली. थांबवण्यातच भेदभाव असेल तर थांबवल्यानंतरच्या नोंदी तो भेदभाव झाकतात.

म्हणून मी दोन्ही बाजूंना म्हणतो, खात्रीने बोलायचं असेल तर आधी नीट मोजा. धागाकर्त्यांचा १८२ चा मुद्दा मला त्यासाठी फार पटला.

चौकस_पुणेकर

मला या खेळातलं काहीच कळत नाही, त्यामुळे एक साधा प्रश्न. नियम बदलायला खेळाडूंचं मत लागतं का? आणि मालक कोण असतात?

रारिटनकाठ

चौकस, प्रश्न साधा नाही, नेमका आहे. मत फक्त मालकांचं. खेळाडू संघटनेशी चर्चा होते, पण मतदान ३२ संघांचं. मे २०२५ मध्ये 'टश पुश' बंद करायचा प्रस्ताव आला होता. क्वार्टरबॅकला मागून ढकलून एखाद-दुसरा यार्ड पुढे नेण्याची ती फिलाडेल्फियाची खेळी. २२ विरुद्ध १० मतं पडली, दोन मतांनी प्रस्ताव पडला. खेळाडूंमध्ये निम्म्याहून जास्त कृष्णवर्णीय आहेत. मालकांमध्ये बहुमताचा हिस्सा असलेला एकही नाही. जॅक्सनव्हिलचे शाहिद खान हे पाकिस्तानी वंशाचे, बफेलोच्या किम पेगुला कोरियात जन्मलेल्या, बाकी जवळपास सगळे गोरे.

साइडलाइन, ७ जुलै लिहायला हवा होता. राहिला, चूक झाली. ते पाच जण विसरून हा विषय बोलता येत नाही.

पण 'मालकाचा नियम' याबद्दल थोडं. २००९ पर्यंत रात्रीच्या मोठ्या सामन्यांत राष्ट्रगीत चालू असताना खेळाडू बहुधा लॉकर रूममध्येच असायचे. त्यांना बाहेर आणून रांगेत उभं करण्याची पद्धत नंतरची. आणि २०१५ मध्ये मॅक्केन आणि फ्लेक या दोन रिपब्लिकन सिनेटरांनी अहवाल काढला की मैदानावरच्या काही देशभक्तीच्या सोहळ्यांसाठी संरक्षण खात्याने संघांना लाखो डॉलर मोजले होते. मॅक्केन स्वतः व्हिएतनाममध्ये युद्धकैदी होते, त्यांना याचा संताप आला होता. राजकारण मैदानावर कॅपर्निकने आणलं, हे मला म्हणूनच मान्य होत नाही. तुमच्या सहकारी बाईंचं दुःख मात्र पूर्ण मान्य आहे.

मिरजकर

मी महाराष्ट्र पोलिसांत एकतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालो. मुलगी ओहायोत असते, तिच्याकडे दोनदा जाऊन आलो. हा खेळ जावईबापूंनी दाखवला. फार कळला नाही, पण पंच चूक वाटली तर थांबतात, पडद्यावर पुन्हा पुन्हा बघतात आणि निर्णय फिरवतात, हे मला फार आवडलं.

पोलिसाच्या बाजूने चार शब्द. त्याच्याकडे पडदा नसतो. माझ्यावर आयुष्यात एकदाच पिस्तूल बाहेर काढायची वेळ आली. समोरच्याच्या हातात काय आहे हे अंधारात कळत नव्हतं. विळा निघाला, तोही त्याने टाकून दिला. ते तीन-चार सेकंद मला आजही झोपेत आठवतात. अमेरिकेत तर गाडीगाडीत बंदूक असू शकते. तिथला पोलीस खिडकीशी जातो तेव्हा त्याच्या पोटात गोळा येत असणारच. घरी बसून व्हिडिओ सावकाश चालवणाऱ्याने त्याचा न्याय करणं सोपं आहे.

रारिटनकाठ

काका, तुम्ही लिहिलंत याचं फार बरं वाटलं. तुम्ही जे म्हणालात तेच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये म्हटलं आहे.

तो खटला ग्रॅहम नावाच्या मधुमेही कृष्णवर्णीय माणसाचा. नॉर्थ कॅरोलायनात १९८४ मध्ये साखर उतरली म्हणून तो संत्र्याचा रस घ्यायला दुकानात गेला, रांग मोठी दिसली म्हणून घाईने बाहेर पडला. पोलिसाला संशय आला. धरपकडीत त्याचा पाय मोडला. न्यायालयाने ठरवलं की बळाचा वापर त्या जागी, त्या क्षणी असलेल्या वाजवी पोलिसाच्या नजरेतून तोलायचा, नंतरच्या शहाणपणातून नाही. गोळीबाराचे बहुतेक सगळे खटले आज याच कसोटीवर चालतात. फुटबॉलने रिप्ले १९८६ मध्ये आणला, १९९२ मध्ये काढला, १९९९ मध्ये परत आणला. २०१९ मध्ये तर एका उपांत्य सामन्यातल्या चुकीमुळे नवा रिप्ले आणून वर्षभरात मागेही घेतला. तिकडे १९८९ चं वाक्य जागचं हललेलं नाही.

मला तुम्हाला एक विचारायचं होतं. क्लीव्हलंडमध्ये नोव्हेंबर २०१४ ला टामिर राइस नावाचा बारा वर्षांचा मुलगा बागेत खेळण्यातली बंदूक घेऊन होता. फोन करणाऱ्याने सांगितलं होतं की ती बहुधा खोटी आहे. ते गाडीतल्या पोलिसांपर्यंत पोहोचलंच नाही. गाडी गवतावरून थेट त्याच्यापुढे जाऊन थांबली आणि दोन सेकंदांच्या आत गोळी सुटली. त्या दोन सेकंदांचा न्याय कसा करायचा?

मिरजकर

तुमचा प्रश्न वाचून तो व्हिडिओ पाहिला. पुन्हा पाहणार नाही.

दोन सेकंदांचा न्याय करायचाच नाही. त्याआधीच्या वीस सेकंदांचा करायचा. गाडी इतकी जवळ नेली कशाला? समोरच्याकडे हत्यार आहे असं वाटत असेल तर आडोसा धरून लांब थांबायचं, आवाज द्यायचा, मोकळ्या जागेतली माणसं हलवायची, हे कुठल्याही शिपायाला पहिल्या वर्षी शिकवतात. गाडी अंगावर घातली की विचार करायला वेळच उरत नाही, आणि मग 'वेळ नव्हता' हेच कारण पुढे येतं. तो वेळ त्यांनी स्वतःच घालवला होता. माझं आधीचं म्हणणं मी मागे घेत नाही, पण अपुरं होतं एवढं कबूल करतो.

आपल्याकडेही हा विषय नवा नाही. मुंबईतल्या चकमकींवरून झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये नियम घालून दिले: गुन्हा नोंदवायचा, तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करायचा, दंडाधिकाऱ्यांची चौकशी लावायची. खात्यात त्यावर कुरकुर झाली होती, मीही केली होती. आता वाटतं, नियम असला की सरळ चालणाऱ्या शिपायालाच आधार होतो.

बर्फाळ_अंगण

आठवडाभर वाचतेय, आज लिहिते. आम्ही सेंट पॉलच्या उत्तरेला राहतो. फिलँडो कॅस्टीलला जिथे गोळी लागली तो लार्पेंटर अव्हेन्यू आमच्या रोजच्या रस्त्यात आहे. तो सेंट पॉलमधल्या एका शाळेच्या कँटीनमध्ये काम करायचा, मुलांची नावं त्याला पाठ असायची. त्या आधीच्या वर्षांत त्याला पोलिसांनी चाळीसहून जास्त वेळा थांबवलं होतं, बहुतेक किरकोळ कारणांवरून. आकडेमोड यांनी छेद म्हणून जो समजावला, तो छेद म्हणजे हा माणूस. त्या रात्री त्याने स्वतःहून सांगितलं होतं की माझ्याकडे परवान्याची बंदूक आहे. मागच्या सीटवर चार वर्षांची मुलगी होती. २०१७ च्या जूनमध्ये ज्युरीने त्या पोलिसाला निर्दोष सोडलं.

त्याच्या पुढच्याच महिन्यात मिनियापोलिसमध्ये एका ऑस्ट्रेलियन गोऱ्या बाईने घरामागच्या गल्लीत काहीतरी गैर चाललंय म्हणून पोलिसांना फोन केला, ती गाडीजवळ गेली आणि पोलिसाच्या गोळीने मेली. तो पोलीस सोमाली वंशाचा, कृष्णवर्णीय. त्याला खुनासाठी दोषी ठरवलं गेलं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नंतर तो आरोप काढून शिक्षा कमी केली, पण तुरुंग त्याला चुकला नाही. तिच्या कुटुंबाला शहराने २ कोटी डॉलर दिले, कॅस्टीलच्या आईला ३० लाखांच्या आत मिळाले. दोन्ही प्रकरणं सारखी नव्हती, पोलीस वेगळे, पुरावे वेगळे, ज्युरी वेगळी, हे मला कळतं. त्या बाईला न्याय मिळाला याचं मला समाधानच आहे. पण माझ्या कृष्णवर्णीय मैत्रिणीने हे दोन आकडे माझ्यासमोर बोटांवर मोजले तेव्हा मला काही उत्तर देता आलं नाही.

माझा मुलगा शाळेच्या संघात खेळतो. डोकं खाली घालून टक्कर मारायची नाही, हा नियम एनएफएलने २०१८ मध्ये केला. आमच्या प्रशिक्षकांनी नंतर एका उन्हाळ्यात मुलांना एकच गोष्ट घोटून दिली: नजर वर, खांदा आधी. तेव्हा वाटलं, नियम वरून खाली झिरपतो तो असा. त्याच उन्हाळ्यात माझ्या त्याच मैत्रिणीने, म्हणजे संघातल्याच एका मुलाच्या आईने, दोन्ही मुलांना तिच्या अंगणात उभ्या गाडीत बसवून दुसरा धडा घोटून घेतला. गाडी थांबवली तर इंजिन बंद. आतला दिवा लाव. दोन्ही हात स्टीअरिंगवर. कागद काढायच्या आधी 'काढू का' विचार. आवाज चढवायचा नाही. माझा लेक सावळा आहे, उंच आहे, म्हणून तिने त्यालाही बसवलं. मी शेजारी चहाचा कप घेऊन उभी होते आणि हे मला स्वतःला सुचलं नव्हतं.

साइडलाइन

ताई, तुमचं लिहिणं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. मलाही दोन मुलं आहेत.

माझं मत बदललेलं नाही. राष्ट्रगीताला मी उभा राहतो, मुलांनाही राहायला सांगतो. पण एक गोष्ट मान्य करतो: मी टेकलेल्या गुडघ्यावर जितकं बोललो, तितकं तो का टेकला यावर कधी बोललो नाही. माझा प्रश्न असा आहे की गुडघा टेकून बदललं काय?

रारिटनकाठ

थेट धागा जोडणं अवघड आहे, पण काही गोष्टी घडल्या. अँक्वान बोल्डिन या खेळाडूचा चुलत भाऊ ऑक्टोबर २०१५ मध्ये फ्लोरिडात बंद पडलेल्या गाडीपाशी मदतीची वाट पाहत असताना साध्या कपड्यातल्या पोलिसाने मारला. बोल्डिन आणि माल्कम जेंकिन्स यांनी खेळाडूंची आघाडी उभी केली, आणि लीगने सुमारे ९ कोटी डॉलरचा निधी देऊ केला. एरिक रीडला तो सौदा वाटला, तो बाहेर पडला. दोघांबद्दलही मला आदर आहे. बोल्डिनच्या भावाच्या प्रकरणात त्या पोलिसाला २०१९ मध्ये २५ वर्षांची शिक्षा झाली.

कायदाही हलला, निदान एका राज्यात. सॅक्रमेंटोत मार्च २०१८ मध्ये स्टीफन क्लार्क हा तरुण आजीच्या परसात मारला गेला, हातात मोबाइल होता. त्यानंतर कॅलिफोर्नियाने कायदा केला, १ जानेवारी २०२० पासून लागू: जीवघेणं बळ नुसतं 'वाजवी' असून चालणार नाही, 'आवश्यक' असायला हवं, आणि गोळीच्या आधी पोलीस कसा वागला तेही तपासायचं. मिरजकर काकांचे वीस सेकंद त्या कायद्यात आहेत.

लीगचं म्हणाल तर मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड हा कृष्णवर्णीय पोलिसाच्या हातून मेला त्यानंतर, जून २०२० मध्ये, आयुक्त रॉजर गुडेल यांनी खेळाडूंचं आधी ऐकलं नाही ही चूक झाली असं जाहीर सांगितलं. कॅपर्निकचं नाव घेतलं नाही. एंड झोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, 'वंशभेद संपवा' अशी अक्षरं रंगवली. फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलला, म्हणजे हंगामाच्या अंतिम सामन्याला, ती अक्षरं नव्हती.

आकडेमोड

लीगच्या मोजणीचं मी वर कौतुक केलं, म्हणून त्या मोजणीतलीच एक गोष्ट सांगायला हवी. माजी खेळाडूंना मेंदूच्या दुखापतीची भरपाई देण्याचा जो करार झाला, त्यात स्मृतिभ्रंश ठरवायला चाचण्या होत्या. त्या चाचण्यांत कृष्णवर्णीयांची बुद्धीची मूळ पातळीच कमी धरण्याची पद्धत वापरली जात होती. म्हणजे समान गुण मिळाले तरी गोऱ्या खेळाडूची घसरण झाली असं ठरायचं, आणि कृष्णवर्णीयाचं 'मुळात असंच होतं' म्हणून भरपाई नाकारली जायची. केव्हिन हेन्री आणि नाजे डेव्हनपोर्ट या दोघांनी ऑगस्ट २०२० मध्ये दावा लावला. जून २०२१ मध्ये लीगने ही पद्धत बंद करायचं कबूल केलं, मार्च २०२२ मध्ये न्यायालयाने बदल मंजूर केला.

हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो. आयुष्य आकड्यांत घालवलं मी. सूत्रात कुणीतरी एक वजाबाकी घालून ठेवतो, ती कुणाला दिसत नाही, आणि कुणाची तरी म्हातारपणातली औषधं तिच्यावर अडतात.

चौकस_पुणेकर

हे सगळं वाचून सुन्न झालो. आपल्या भारतीयांवर याची झळ येते का, की आपण बाजूला उभे राहून बघतोय?

रारिटनकाठ

येते. फेब्रुवारी २०१५ मध्ये अलाबामातल्या मॅडिसन गावी, गुजरातहून नातवासाठी आलेले ५७ वर्षांचे आजोबा सकाळी फेरी मारायला निघाले. कुणीतरी पोलिसांना फोन केला आणि एक हडकुळा काळा माणूस फिरतोय असं वर्णन केलं. इंग्रजी येत नव्हतं. पोलिसाने जमिनीवर आपटलं, मानेला इजा होऊन अंग लुळं पडलं. दोनदा ज्युरीचं एकमत झालं नाही, शेवटी न्यायाधीशांनी पोलिसाला मुक्त केलं. मॅडिसन हे हंट्सव्हिलला लागून आहे, आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्याच हंट्सव्हिलच्या सभेत अध्यक्ष ट्रम्प यांनी गुडघा टेकणाऱ्या खेळाडूंना हाकलून द्या असं मालकांना सांगितलं. त्या रविवारी दोनशेहून जास्त खेळाडू टेकले किंवा बसले.

माझे वडील तेव्हा आमच्याकडे होते. रोज पहाटे मफलर गुंडाळून फिरायला जायचे. मी त्यांच्या खिशात पत्ता आणि फोन नंबरची चिठ्ठी ठेवायला लागलो, आणि नंतर वाटलं, खिशात हात घालून ती काढायला गेले तर?

मिरजकर

चिठ्ठी गळ्यात अडकवायची. ओळखपत्रासारखी, समोर दिसेल अशी. मी ओहायोत गेलो की तशीच अडकवतो आता.

बर्फाळ_अंगण

काका, हे मी सासऱ्यांसाठी करून ठेवते. ते पुढच्या महिन्यात येतायत.

काल शुक्रवारचा सामना होता. आमचा संघ हरला. रात्री साडेदहाला दोघं मुलं आमच्याच गाडीतून आली, माझा मुलगा चालवत होता. गाडी चालवायची पाळी खरं तर त्याच्या मित्राची होती, जाताना तोच चालवत गेला होता. मी विचारलं तर मुलगा बूट काढता काढता म्हणाला, "परत येताना लार्पेंटर लागतो ना. तिथे तो रात्री चालवत नाही. आम्ही अलीकडच्या पेट्रोल पंपावर जागा बदलतो."

कधीपासून, विचारलं. म्हणाला, लायसन मिळाल्यापासून.